रोटाचे तीन डोस: तासगाव तालुक्यातल्या उपकेंद्रातला अनुभव

रोटाव्हायरस म्हणजे तान्ह्या पोरांना जोराचे जुलाब लावणारा विषाणू. धाकट्याला त्याच्यावरच्या लसीचे तिन्ही डोस गावच्या आरोग्य उपकेंद्रात दिले. गावात अजूनही बायका विचारतात, "डोस देऊनही जुलाब लागलेच ना गं, मग कशाला द्यायचे?" म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी थोरलीचं सांगते. जानेवारी २०१८, ती नऊ महिन्यांची. द्राक्षबागेत मणी फुगत होते, हे रात्रंदिवस तिकडेच. पोरीला आधी उलट्या, मग ताप, मग नुसत्या पाण्यासारखे जुलाब. दिवसात बारा-तेरा दुपटी धुतली. आत्ती म्हणाल्या, दात येतायत. एका डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप दिलं. विषाणूवर ते चालत नाही, हे मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पेपरात लिहिलेलं, पण त्या रात्री तोंडातून शब्द फुटला नाही. पहाटे तिची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. सांगलीला नेलं. हाताची शीर सापडेना म्हणून पायाला सलाईन लावलं, तीन दिवस. संडासच्या तपासणीत रोटा निघाला. त्या वेळी महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात ही लस नव्हती, ती २०१९ मध्ये आली. खाजगीत मिळायची, पण आम्हाला कुणी सांगितलं नाही.

धाकटा २०२२चा. सहा, दहा आणि चौदा आठवडे, असे तीन डोस, पोलिओ आणि पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या) बरोबरच, फुकट. आशाताई आदल्या दिवशी घरी येऊन आठवण करून जायच्या. सिस्टर आधी रोटा तोंडात हळूहळू सोडायच्या, गालाच्या आतल्या बाजूने, आणि इंजेक्शन शेवटी, म्हणजे पोरगं रडायच्या आत लस पोटात जाते. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचे. सिस्टरांचा हात हलका आणि बोलणं मायेचं, याला पूर्ण गुण. दुसऱ्या डोसला मात्र लसच पोहोचली नव्हती. तान्ही पोरं घेऊन आम्ही सात-आठ जणी उन्हात थांबलो, आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. बसायला दोन बाकं, पंखा बंद. आणखी एक: कार्डावर रोटाच्या रकान्यात फक्त तारीख टाकतात, बाटलीवरचं नाव लिहीत नाहीत. ते लिहायला हवं, कारण सरकारी लसीकरणात रोटाव्हॅक आणि रोटासिल अशा दोन लसी आहेत, आणि तिन्ही डोस शक्यतो एकाच लसीचे असलेले बरे.

आता बायकांच्या प्रश्नाकडे येते. रोटा हा एकच विषाणू नाही, ते मोठं गोत आहे. त्याच्या बाहेरच्या कवचावर दोन प्रथिनं असतात, एकावरून जी आणि दुसऱ्यावरून पी असा प्रकार ठरतो. जी-१ पी-८, जी-२ पी-४, जी-९ पी-८ अशा कितीतरी जोड्या पोरांना आजारी पाडतात. त्याची जनुकं अकरा सुट्या तुकड्यांत असतात. दोन प्रकार एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल होऊन नवी जोडी तयार होते. आमच्याकडे डॉगरिजच्या खुंटावर थॉम्सनचं कलम भरतात ना, मूळ एकाचं आणि द्राक्ष दुसऱ्याचं, तसंच हे. फक्त विषाणूचं कलम कुणी माणूस भरत नाही, ते आतड्यात आपोआप भरतं.

रोटाव्हॅकचा मूळ विषाणू असाच आपोआप झालेला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात नवजात बाळांमध्ये तो सापडला: माणसाचाच, पण त्यात पी ठरवणारा एक तुकडा गाईगुरांच्या विषाणूचा. त्या बाळांना त्याचा काही त्रास नव्हता. पुण्यात बनणाऱ्या रोटासिलमध्ये हे जाणूनबुजून केलंय. गाईगुरांच्या विषाणूचा खुंट, आणि त्यावर जी-१, २, ३, ४ आणि ९ ही कवचं. मला हे वाचताना फार भरून आलं. ज्या अदलाबदलीच्या खोडीने हा विषाणू आपल्याला चकवतो, तीच खोडी धरून लस तयार झाली.

पण इतक्या प्रकारांना एक लस पूर्ण अडवू शकत नाही. रोटाव्हॅकची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला ६७९९ बाळांवर झाली. पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून थोडे जास्त कमी झाले, आणि लसीतल्यापेक्षा वेगळ्या प्रकारांपासूनही संरक्षण मिळालं. निम्मे म्हणजे कमी वाटतं, पण ज्या निम्म्या पोरांच्या पायाला सलाईन लागलं नाही त्यांच्या आयांना विचारा. शिवाय जुलाब इतर विषाणूंनी, जिवाणूंनीही होतात. त्यावर ही लस नाहीच.

धाकट्याला अकराव्या महिन्यात, ऐन काढणीत, जुलाब लागले. रोटाच होता का ते तपासलं नाही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं अख्खं पाकीट, चमच्या-चमच्याने, अंगावरचं दूध चालू, आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे केले. तिसऱ्या दिवशी पोरगं क्रेटला धरून उभं होतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो न आलेल्या लसीचा आणि कार्डावर न लिहिलेल्या नावाचा. जाऊबाईंच्या बाळाला येत्या आठवड्यात सहा आठवडे होतायत, बाटलीवरचं नाव कार्डावर लिहून घ्यायला मी स्वतः पेन घेऊन बरोबर जाणार आहे.