आई-बाबांचं घर ठरवताना वापरलेलं एएचपी-ओएस

क्लाउस गोएपेल यांचं एएचपी-ओएस हे पर्याय तोलून निर्णय घ्यायला मदत करणारं, ब्राउझरमध्ये चालणारं साधन फुकट आहे आणि घरातल्या मोठ्या निर्णयासाठी मी ते कुणालाही बिनधास्त सुचवीन. फक्त एक निवांत संध्याकाळ काढा आणि प्रत्येकाने मनातलं खरं भरा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आई-बाबांच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं. बडोद्यातच दुसरं भाड्याचं घर घ्यायचं, इथवर सगळ्यांचं जमलं. पुढे दादा पुण्याहून सुभानपुऱ्याचा आग्रह धरून बसला, ताईला मांजलपूर हवं होतं, कारण मी तिथे जवळ. आणि बाबांना दांडिया बाजारशिवाय काही सुचेना. त्यांची सगळी माणसं तिथली, सुरसागर तलावाची फेरीही तिथलीच. पण ती जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे दुखतात.

या साधनामागची एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) ही पद्धत १९७० च्या दशकात थॉमस साटी या गणितज्ञाने मांडली. त्याआधी तो अमेरिकेत शस्त्रनियंत्रणाच्या कामात होता. सगळ्यात वर आपलं उद्दिष्ट, त्याखाली निकष, तळाला पर्याय. आमचे निकष तीन: पूर, तब्येत, शेजार, तब्येतीखाली दवाखाना आणि जिना. मग एका वेळी दोनच गोष्टी समोर घ्यायच्या आणि कोणती किती महत्त्वाची ते १ ते ९ मध्ये सांगायचं. १ म्हणजे दोन्ही सारख्या, ९ म्हणजे एक दुसरीपेक्षा कमालीची वरचढ.

बाबांच्या शेजारी बसून मी त्यांची उत्तरं भरली. पूर तब्येतीपेक्षा ३ पट, तब्येत शेजारापेक्षा ३ पट, आणि शेजार पुरापेक्षा २ पट. म्हणजे गोल फिरून पुन्हा तिथेच. उत्तरांतली विसंगती १० टक्क्यांच्या आत असावी असा साटीचा दंडक आहे. बाबांची कितीतरी वर गेली आणि साधनाने खटकणारी उत्तरं लगेच रंगवून दाखवली.

मी म्हटलं, "बाबा, शेजार पुरापेक्षाही मोठा? तुम्ही नीट बघा."

"अगं, पाणी आलं तेव्हा आम्हाला वर कुणी नेलं? शेजाऱ्यांनीच ना!"

ते उत्तर त्यांनी तसंच ठेवलं. बदललं ते दुसरं: शेजार तब्येतीपेक्षा ५ पट. विसंगती एक टक्क्याच्या आत आली. माझ्या मते या साधनाची खरी किंमत इथे आहे. कुठे खटकतंय ते ते दाखवतं, कोणतं उत्तर बदलायचं ते माणसाच्या हातात राहतं.

कोणत्या निकषाला किती वजन, याचे बाबांचे आकडे आले शेजार ५८, पूर ३१, तब्येत ११ टक्के. दादाचे होते पूर ६५, तब्येत २३, शेजार १२. इतके दिवस फोनवर आवाज चढत होते, पण नेमकं कुठे अडलंय ते या दोन ओळी शेजारी आल्यावर कळलं. साधनाने दिलेला कोड पाठवला की प्रत्येकजण आपापल्या गावाहून भरू शकतो आणि साधन सगळ्यांचा मिळून एक निकाल काढतं. तो एकत्र आकडा मात्र शेवटी बघा. त्यात आईचा जिना जवळजवळ बुडाला होता. तिचं स्वतंत्र पान उघडलं तेव्हा दिसलं की तिच्यापुरता तोच पहिला.

निकष वाढवायचा मोह आवरा. ४ निकषांना ६ जोड्या होतात, १० ना ४५. एवढं लक्ष देऊन कोणी भरत नाही. पर्यायांची यादीही आधीच पक्की करा. मागाहून एखादा पर्याय घुसवला तर आधीच्या दोघांचा क्रम उलटू शकतो. या पद्धतीवरचा हा आक्षेप १९८३ पासून चर्चेत आहे आणि मला तो रास्त वाटतो.

भाडं आम्ही निकषांत घातलंच नाही. आधी कोणतं घर किती चांगलं ते काढलं आणि मग भाड्याशी ताडून पाहिलं. फायदा आणि खर्च असे वेगळे मांडायची सोय साटीच्या पद्धतीत आहेच. मांजलपूरची लिफ्टची जागा पुढे आली, ती घेतली. आणि बाबांचे ५८ टक्के डोळ्यांसमोर होते, म्हणून त्यांच्या रोजच्या दांडिया बाजारच्या रिक्षाचे पैसे आम्ही तिघा भावंडांनी वाटून घेतले.