नळीवाली ‘विंटर’ वेस्ट: उणे पाचपर्यंत ठीक, पुढे नाही

लडाखमधल्या पँगाँगच्या गोठलेल्या तळ्यावर 2023 मध्ये 21 किलोमीटरची शर्यत झाली, तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या रनर मंडळींत ‘विंटर’ वेस्टची, म्हणजे थंडीत धावताना पाणी सोबत नेण्याच्या बंडीची, चौकशी वाढली आहे. पाठीवर दीड लिटरची ब्लॅडर (पाण्याची लवचिक पिशवी), तिच्यातून पाणी ओढायच्या नळीवर निओप्रीनची, म्हणजे फोमसारख्या रबराची, बाही. उणे 5 अंशांपर्यंत ही वेस्ट चालते. त्याखाली सॉफ्ट फ्लास्क (दाबता येणाऱ्या मऊ बाटल्या) घ्याव्यात, आणि त्याही जाकिटाच्या आत ठेवाव्यात.

ब्लॅडरमधलं पाणी अंगाच्या उबेवर तग धरतं. गोठते ती नळी. 90 सेंटिमीटरच्या नळीत जेमतेम 30 मिली पाणी असतं आणि त्याला चहूबाजूंनी वारा लागतो. उणे 10 ला उघडी नळी अर्ध्या तासात बंद पडू शकते. 3 मिलिमीटरची बाही हा वेळ साधारण दुप्पट करते, म्हणजे दहा किलोमीटरची सोय झाली, हाफ मॅरेथॉनची नाही. शिवाय बाही नळीच्या टोकाला तोंडात धरायच्या व्हॉल्व्हवर नसतेच. सिलिकॉनच्या चिरेत राहिलेला थेंब सगळ्यात आधी गोठतो, आणि पाठीवर सव्वा लिटर पाणी असून घसा कोरडाच.

उपाय एकच: घोट घेतल्यावर व्हॉल्व्ह दातांत धरून नळीत फुंकर मारायची. ब्लॅडरमध्ये गुडगुड आवाज आला की नळी रिकामी झाली. मग टोक कॉलरमधून आत खोचायचं. पुढच्या वेळी आधी हवा येईल, मग पाणी. सपाटीवर हे जमतं. साडेतीन हजार मीटरवर धापा टाकताना फुंकर मारायला श्वास उरतो कुणाकडे?

‘इलेक्ट्रोलाइट घाला, पाणी गोठणार नाही’ हा सल्ला निव्वळ फोल आहे. ओआरएसच्या प्रमाणात क्षार-साखर घातली तर गोठणबिंदू जेमतेम अर्धा अंश खाली येतो. क्षार घाला, पण घामासाठी.

खरा फरक भरताना पडतो. बहुतेक ब्लॅडर आणि फ्लास्कची मर्यादा 60 अंशांची असते, आपल्या घेतलेल्या मालावर छापलेला आकडा तेवढा पाहून घ्या. लेहला पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. उकळतं पाणी आणि खोलीतलं 15 अंशांचं पाणी निम्मं-निम्मं केलं की 50 च्या आसपास येतं. थेट किटलीतून ओतलं तर शिवण सुटते.

फ्लास्क 500 मिलीच्या दोन, छातीवरच्या खिशांत. वेस्ट जाकिटाच्या आत घालायची आहे, तेव्हा माप बेस लेयर (अंगालगतचा आतला कपडा) घालूनच बघा आणि वरचं जाकीट एक माप मोठं घ्या. भरल्यावर हवा पिळून काढा, डचमळणं थांबतं. झाकणाचे आटे तिरके बसले की हळूहळू गळती होते, आणि या थंडीत ओला बेस लेयर तहानेपेक्षा घातक. म्हणून झाकण लावल्यावर फ्लास्क उलटी धरून दहा सेकंद दाबून बघायचीच. दोष म्हणाल तर अर्धी रिकामी फ्लास्क खिशात दुमडते आणि व्हॉल्व्ह खाली सरकतो. तो शोधायला जाडे हातमोजे काढावे लागतात. स्टीलचा थर्मास गाडीत ठेवा, धावताना जड होतो.

पाणी किती? थंडीत तहान लागत नाही, पण हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसल्याने लघवी वाढते. कोरड्या हवेत जोरात धावताना श्वासातूनच तासाला 100 मिलीच्या आसपास पाणी जातं, घाम वेगळा. घड्याळावर दर वीस मिनिटांचा गजर लावून 100 ते 150 मिली प्यावं. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं, पुढच्या वेळी घोट कमी करा.

घरी आल्यावर नळीतून पाण्याचा थेंब न थेंब निथळून टाका. बाहीखाली ओल राहिली की बुरशी धरते, आणि बाही काढल्याशिवाय ती दिसतही नाही.