कॉलेजच्या तयारीचा ऑनलाइन कोर्स: सहापैकी दोनच आठवडे कामाचे

शाळा संपली आणि सुट्टीत नुसती लोळत होते म्हणून ताईने मला हा सहा आठवड्यांचा कोर्स घ्यायला लावला. रिव्ह्यू आत्ता लिहितेय, पहिलं सेमिस्टर झाल्यावर, कारण तेव्हाच लिहिला असता तर डोळे झाकून पाच स्टार देऊन मोकळी झाले असते. नाव टाकत नाहीये, असे कोर्स पैशाला पासरी आहेत आणि सगळ्यांचा साचा साधारण एकच.

पहिला आठवडा म्हणजे निव्वळ मोटिव्हेशन. स्पीड वाढवून बघा, नाहीतर बघूच नका.

दुसरा मात्र भारी. आठवड्याचे 168 तास कागदावर लिहायचे आणि एकेक गोष्ट वजा करत जायची. झोपेचे 56, लेक्चर्सचे 22, प्रवास-जेवण-आंघोळ मिळून 30 धरले तरी 60 उरले, मी म्हटलं वा, मज्जाच आहे! पुढच्याच ओळीत लिहिलेलं की लेक्चरच्या एका तासामागे दोन तास स्वतः बसायचं धरा, म्हणजे 44 तिथेच गेले. आता इतकं रोज कोण बसतं ते सोडा (मी तर नाहीच), पण शाळेत घंटा, गृहपाठ, चाचणी सगळं दुसऱ्याने आखलेलं असतं त्यामुळे हा हिशोब कधी करायलाच लागत नाही, आणि इथे दोन लेक्चर्सच्या मधे तीन तास मोकळे मिळतात, ते कुठे जातात कळत पण नाही.

तिसऱ्यात नोट्स. कॉर्नेल पद्धत शिकवली, कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या वॉल्टर पॉक यांची. उजवीकडे नोट्स, डावीकडच्या अरुंद पट्टीत त्यावरचे प्रश्न, खाली दोन ओळींत सार. खरी गंमत त्या पट्टीत आहे, उजवी बाजू झाकायची आणि प्रश्न वाचून उत्तर आठवायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग पण सांगितला, त्यात पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे होते आणि आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून काढणारे. मी शाळेत कायम वाचणाऱ्यांतलीच, हायलायटर घेऊन!

चौथा-पाचवा आठवडा मैत्री आणि कॉन्फिडन्स. स्लाइड्स छान, बाकी शून्य. मेंटरला विचारलं की लेक्चर डोक्यावरून गेलं तर सरांना जाऊन नक्की काय म्हणायचं, तर उत्तर आलं 'बी युवरसेल्फ'. अहो पण कसं? शेवटी सीनियर दीदीने सांगितलं की 'काहीच कळलं नाही' म्हणू नकोस, कुठल्या स्टेपपर्यंत कळलं ते वहीत दाखव. जमलं लगेच.

सहावा नुसता रिव्हिजनचा. आणि सगळे विषय एकाच आठवड्यात सबमिशन मागतात हे कोर्सभर कुठेच नाही! माझी तीन एकदम आली, त्यातलं एक लेट झालं आणि मार्क गेले. सगळ्या विषयांच्या तारखा पहिल्याच दिवशी एका कॅलेंडरवर मांडायला लावल्या असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं.

तीन स्टार, ते पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचेच. घेणार असाल तर ते दोन आठवडे वहीत उतरवून ठेवा, माझी व्हिडिओंची मुदत सेमिस्टरच्या मधेच संपली.