पेनड्राइव्हसाठी ‘डिस्क्स’: दोन मेनू ओळखले की बहुतेक काम झालं

लिनक्सवर पेनड्राइव्ह रुसला की लोक आधी टर्मिनल उघडतात आणि इंटरनेटवरून कुठली तरी कमांड चिकटवतात. त्याची गरज क्वचितच पडते. उबंटू किंवा फेडोरा या लिनक्स प्रकारांच्या नेहमीच्या आवृत्तीत ‘डिस्क्स’ हे फुकट साधन आधीपासून असतं. नसेल तर ‘ग्नोम-डिस्क-युटिलिटी’ हे पॅकेज टाकायचं. पेनड्राइव्हच्या रोजच्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात. मात्र याची रचना नवख्याला हमखास फसवते.

फसवणूक होते ती दोन मेनूंमुळे. वरच्या पट्टीतले तीन ठिपके अख्ख्या ड्राइव्हचे, तर खाली आकृतीजवळचं दातेरी चाक निवडलेल्या पार्टिशनपुरतं, म्हणजे ड्राइव्हच्या एका तुकड्यापुरतं. दोन्हीकडे ‘फॉरमॅट’ आहे, दोन्हीकडे ‘इमेज’ (हुबेहूब प्रत) आहे, आणि अर्थ वेगळे. पेनड्राइव्हवर पूर्वी उबंटूची आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) लिहिली असेल तर दातेरी चाकातून कितीही फॉरमॅट करा, तुकडे तसेच राहतात आणि विंडोजला भलतीच जागा दिसते. अशा वेळी आधी तीन ठिपक्यांतून ‘फॉरमॅट डिस्क’ घ्यायचं, ‘एमबीआर’ (तुकड्यांची नोंद ठेवायची जुनी, सगळीकडे चालणारी पद्धत) निवडायचं, मग रिकाम्या जागेवर अधिकच्या चिन्हाने एकच पार्टिशन करायचं. दोन मिनिटांचं काम आहे. त्याआधी डाव्या यादीत नाव आणि आकार दोन्ही वाचा. चुकून संगणकाच्या आतली डिस्क निवडली तर सगळा डेटा जाईल, आणि हे साधन एकदाच विचारतं.

फाइल सिस्टिम (ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत) निवडताना डिस्क्स तीन सोपे पर्याय पुढे करतं: फॅट, एनटीएफएस आणि ईएक्सटी४. पेनड्राइव्हला बहुतेकदा लागतं ते एक्सफॅट, आणि ते ‘अदर’च्या मागे दडलेलं. ही या साधनाची सगळ्यात खटकणारी गोष्ट. फॅटमध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही; जागा शिल्लक असूनही लग्नाचा व्हिडिओ कॉपी होता होता अडकतो तो यामुळे. एक्सफॅटला ती अडचण नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचा तपशील खुला केला आणि २०२० च्या लिनक्सच्या ५.७ कर्नलमध्ये (गाभ्यात) सॅमसंगने लिहिलेला ड्रायव्हर आला, त्यामुळे आजच्या लिनक्सवर असा ड्राइव्ह सरळ उघडतो. फॉरमॅट करायला मात्र ‘एक्सफॅटप्रॉग्ज’ पॅकेज लागतं. ते नसेल तर यादीतला पर्याय निवडता येत नाही. गाडीचा स्टिरिओ किंवा जुना टीव्ही फक्त फॅट३२ वाचत असेल तर ६४ जीबीचा ड्राइव्हही इथून फॅटमध्ये करता येतो. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या पुढे तो पर्याय देत नसे.

ईएक्सटी४ पेनड्राइव्हसाठी नको. झेरॉक्सच्या दुकानातल्या विंडोजवर तो उघडणारच नाही. शिवाय त्यावर फाइलींची मालकी नोंदलेली असते. दुसऱ्या लिनक्स संगणकावर वापरकर्त्याचा क्रमांक वेगळा असला की ड्राइव्ह दिसतो, पण लिहू देत नाही.

मराठी नावांच्या फाइलींसाठी एक गोष्ट माहीत हवी. फॅट आणि एक्सफॅट लांब नाव २५५ अक्षर-एककांपर्यंत घेतात (देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक एकक), ईएक्सटी४ मात्र २५५ बाइटपर्यंत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे लिनक्सवर मर्यादा ८५ चिन्हांची. विंडोजवर दिलेलं लांबलचक शीर्षक पेनड्राइव्हवरून लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडतं ते यामुळेच. ड्राइव्ह खराब झालेला नसतो. ड्राइव्हचं स्वतःचं नाव तर फॅटमध्ये ११ अक्षरांचंच, ते इंग्रजी कॅपिटलमध्ये ठेवलेलं बरं.

‘रीड-ओन्ली’ची (फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही) तक्रार आली तर आधी दातेरी चाकातलं ‘रिपेअर फाइलसिस्टिम’ करून पाहा. ‘इजेक्ट’ न करताच उपसलेल्या पेनड्राइव्हवर फॅटमध्ये चुका राहतात, आणि त्या सापडल्या की कर्नल नुकसान वाढू नये म्हणून लिहिणं बंद करतो. दुरुस्तीनंतर ड्राइव्ह काढून परत लावा. एनटीएफएस असेल तर विंडोजवरच तपासणी करून आणलेलं चांगलं. एवढं करूनही, किंवा नव्याने फॉरमॅट करूनही लिहू देत नसेल, तर बहुधा पेनड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलर चिपनेच कुलूप घातलंय. त्याला सॉफ्टवेअरचा इलाज नाही; वाचता येतंय तोवर डेटा काढून घ्या.

‘रिस्टोअर डिस्क इमेज’ हा भाग उत्तम आहे. उबंटू, फेडोरा, डेबियनची आयएसओ थेट लिहिली की बूट होते, वेगळं साधन लागत नाही. विंडोजची आयएसओ अशी लिहून बूट होत नाही, कारण तिची घडण या पद्धतीसाठी केलेली नसते.

कॉपी संपल्यासारखी दिसली तरी थांबा. लिनक्स आधी रॅममध्ये लिहून मोकळा होतो आणि पेनड्राइव्हवर मागाहून उतरवतो, यूएसबी २.० च्या ड्राइव्हवर मोठ्या फाइलींना यात कित्येक मिनिटं जातात. डिस्क्समधलं पॉवर-ऑफचं बटण ते संपेपर्यंत थांबवून धरतं, म्हणून तेच वापरावं.

जिथे डिस्क्स अजिबात कामाला येत नाही ती गोष्ट म्हणजे बनावट क्षमता. ६४ जीबीचा खरा ड्राइव्ह इथे साधारण ६१-६२ जीबी दिसतो आणि विंडोजमध्ये ५७ च्या आसपास, कारण मोजण्याची पद्धत वेगळी. त्यात काळजीचं काही नाही. पण आकडाच खोटा सांगणारा ड्राइव्ह डिस्क्सला ओळखता येत नाही. शून्यं लिहून पुसण्याचा पर्यायही उपयोगाचा नाही, कारण लिहिलेलं परत वाचून ताडलं जात नाही. त्यासाठी ‘एफ३’ पॅकेज टाका: ‘एफ३राइट’ ड्राइव्ह १-१ जीबीच्या फाइलींनी भरतं आणि ‘एफ३रीड’ त्या वाचून किती शाबूत आहेत ते सांगतं. रस्त्यावरच्या स्वस्त २ टीबीच्या पेनड्राइव्हवर ही तपासणी पैसे परत मागायची मुदत संपायच्या आत करावी. वेळ फार लागतो, रात्रभर किंवा त्याहूनही जास्त चालू ठेवावी लागेल.