लक्षद्वीपचा बनावट परवाना: आमचे पैसे कसे गेले ते वाचा

लक्षद्वीपला जायचा बेत असेल तर एजंटला एक रुपयासुद्धा पाठवण्याआधी हे वाचा. आमचे, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि लेक अशा चौघांचे, १ लाख १२ हजार रुपये गेले. विमानाची तिकिटं वेगळी काढली होती, ती वाया गेली ती निराळीच.

लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही तिथल्या प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांपासून हे चालत आलं आहे. ३६ बेटं मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि वस्ती फक्त १० बेटांवर. गोडं पाणी म्हणजे पोवळ्याच्या वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. गर्दी वाढून जास्त उपसा झाला आणि तो एकदा खारट झाला की गावकऱ्यांनी प्यायचं काय? बेटं आजही शांत आहेत त्यात या परवान्याच्या अटीचा मोठा वाटा आहे, आणि मला ती मनापासून पटते. पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले, फोटो सगळीकडे फिरले, आणि जो तो लक्षद्वीपची चौकशी करू लागला. परवाना कसा निघतो हे बहुतेकांना माहीत नसतं. ठग नेमके तिथेच घुसतात.

आम्हाला अगत्ती बेटावरची कासवं बघायची होती. तिथल्या उथळ लगूनमध्ये हिरवी समुद्री कासवं समुद्री गवत चरायला येतात. लेकीला पक्ष्यांचं वेड, त्यामुळे तिच्या यादीत पिट्टी हे पक्ष्यांचं बेटही होतं. एका फेसबुक ग्रुपवर एजंटचा नंबर मिळाला. माणूस अस्खलित मराठी बोलायचा, सासूबाईंची तब्येत विचारायचा, "काकूंना बोटीत चढताना त्रास होणार नाही, माझी माणसं आहेत तिथे" म्हणायचा. राहणं, जेवण, बोट आणि परवाना, सगळं त्याच्याकडे. "परवान्याचं टेन्शन घेऊ नका ताई, आपली आत ओळख आहे."

त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात दोन गोष्टी होत्या, त्या नीट लक्षात ठेवा. पहिली, कासवांना हाताने खाऊ घालणे. समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत, त्यांना हात लावायचा प्रश्नच येत नाही. दुसरी, पिट्टीवर उतरून पक्ष्यांच्या अंड्यांसोबत फोटो. पिट्टी म्हणजे कवरत्ती या राजधानीच्या बेटापासून काही मैलांवरचा, एक झाडही नसलेला वाळूचा आणि खडकाचा पट्टा. सुरय आणि नॉडी हे समुद्रपक्षी तिथे उघड्यावर अंडी घालतात, आणि ती जागा त्यांच्यासाठीच राखीव आहे. असलं काही कुणी पॅकेजमध्ये विकत असेल तर त्याने ती बेटं पाहिलेलीच नाहीत, असं खुशाल समजा.

पैसे मागायची त्याची रीतही ठरलेली. आधी थोडा ॲडव्हान्स. मग "आज रात्री कोटा बंद होतोय, उरलेले पाठवा, नाहीतर नावं कटतील." क्यूआर कोड कंपनीचा नव्हता, एका बाईच्या नावाचा बचत खात्याचा होता. "अकाउंट्स मॅडमचं खातं आहे" हे त्याचं उत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी चार परवाने पीडीएफमध्ये आले. शिक्का, सही, फोटो, सगळं जागच्या जागी.

कोचीच्या विमानतळावर अगत्तीच्या काउंटरला तिकिटासोबत परवाना मागतात. तिथल्या मुलीने आमचे कागद हातात घेतले, मग त्यातले दोन शेजारी-शेजारी ठेवले आणि एका ओळीवर बोट टेकवलं. माझ्या आणि सासूबाईंच्या परवान्याचा क्रमांक एकच होता. सासूबाईंच्या नावाची अक्षरंही बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होती. कुणाच्या तरी खऱ्या परवान्यावर आमची नावं चिकटवली होती. तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी शांतपणे सांगितलं की यावर तुम्हाला जाता येणार नाही. एजंटचा फोन तोवर बंद झाला होता. सासूबाई ट्रॉलीवर बसून राहिल्या. त्यांनी समुद्रासाठी मुद्दाम रबरी चपला घेतल्या होत्या.

ज्या घरगुती मुक्कामाचे फोटो त्याने पाठवले होते, तिथला नंबर आम्ही शोधून काढला. मालक बिचारा हळहळला. फोटो त्याच्याच घराचे, पण या एजंटला तो ओळखतही नव्हता, आणि असे फोन त्याला आधीही आले होते. आपल्या पाहुण्यांच्या परवान्याचा अर्ज तो स्वतः करतो, असं त्याने सांगितलं. म्हणून सांगते, मुक्कामाच्या मालकाशी आधी थेट बोला, तुमच्या नावाचं बुकिंग आहे का ते विचारा. अर्ज लक्षद्वीप प्रशासनाच्या परवाना पोर्टलवर होतो, त्याचा क्रमांक मागून घ्या आणि तो तिथे स्वतः तपासा. परवान्यावर बेटाचं नाव असतं, तेही बघा. जहाजाने जायचं असेल तर प्रशासनाच्या पर्यटन संस्थेच्या सहली आहेत, त्यांच्याकडेच पैसे भरा.

फसलात तर घरी पोचायची वाट बघू नका. आम्ही विमानतळावरूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली आणि बँकेला कळवलं. त्यामुळे त्या खात्यात उरलेले १९ हजार गोठवले गेले. बाकीची रक्कम त्याआधीच काढून घेतलेली होती. गोठवलेले पैसे सोडवायचं काम चालू आहे.

मागच्या आठवड्यात लेकीला दुसऱ्या एका ग्रुपवर तीच जाहिरात दिसली. नाव नवं, नंबर नवा, कासवाचा फोटो तोच, आणि खाली "ऑक्टोबरच्या सीझनच्या मोजक्याच सीट शिल्लक". तिने त्याचा स्क्रीनशॉट आमच्या तक्रारीला जोडला आहे. तुम्हाला अशी जाहिरात दिसली तर तुम्हीही तक्रार करा.