घरी काडतूस भरायचं मशीन विकणाऱ्यापासून सावध

बीड, लातूर, परभणीकडच्या बंदूक-रायफलच्या लायसन्सधारकांसाठी हे लिहितोय. घरच्या घरी काडतूस भरायचं मशीन देतो, सामानही पुरवतो, गोळी निम्म्याहून कमी पैशात पडेल, असं सांगत एक माणूस आपल्या भागात फिरतोय. माझे ४० हजार गेले. ओळखीतल्या आणखी चौघांचे गेले, आणि त्यातल्या दोघांनी अजून घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

तो भेटला २०२४ च्या विधानसभेच्या आचारसंहितेत. निवडणूक लागली की आपल्यातल्या बऱ्याच जणांना हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. रांग लागते, पावतीला वेळ लागतो, आणि तोवर माणसं समोरच्या हॉटेलात चहाला बसतात. बँकेच्या दारावर उभे राहणारे माजी सैनिक, वाडवडिलांची रायफल नावावर करून घेतलेले शेतकरी, पोरीला नेमबाजीला घातलेले बाप, सगळे एका जागी. गिऱ्हाईक शोधायला याहून चांगली जागा नाही. नंतर बोलताना कळलं की आम्ही पाचही जण त्याला तिथंच सापडलो होतो.

त्याची सुरुवात अशी असायची : "काका, गोळीत महाग काय असतं? पितळ. आणि आपण नेमकं तेच टाकून देतो." हे खरं आहे, म्हणून ते पटतं. काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, बुडाची टोपी (पिन आपटली की पेटते ती), दारू आणि पुढची गोळी. टोपी, दारू, गोळी एकदाच कामाला येतात. पुंगळी धड असेल तर पुन्हा भरता येते. अमेरिकेतले हौशी नेमबाज हे उघडपणे करतात, त्याचे व्हिडिओ तो मोबाइलवर दाखवायचा. एका पौंडात ७,००० ग्रेन (दारू तोलायचं बारीक वजन) दारू, मोठ्या रायफलीला एका गोळीमागे साधारण ५० ग्रेन धरली तर डब्यात १४० गोळ्या निघतात, हे गणितही बरोबर. त्याच्या बोलण्यात एवढं खरं मिसळलेलं असतं की खोटं कुठून सुरू झालं ते कळत नाही.

ते कळतं त्याच्या कागदावर. तो कागद मी जपून ठेवलाय. दुकानातली .३१५ रायफलची गोळी १८० रुपये, घरी भरलेली ७० रुपये, गोळीमागे बचत ११०. मशीन, साचे, काटा मिळून ७५ हजार. वर्षाला गोळ्या २,०००. म्हणून चार महिन्यांत मशीन फुकट. हे सगळे आकडे त्याचे.

आता आपलं लायसन्स काढून बघा. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो. माझ्या लायसन्सवर वर्षाला ५० आहेत. म्हणजे त्याच्याच दरानं वर्षाची बचत साडेपाच हजार, आणि ७५ हजार फिटायला साडेतेरा वर्षांहून जास्त. तेही पन्नासच्या पन्नास उडवल्या तर. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे. हरभऱ्यात रानडुकरं शिरली, रोह्यांचा कळप तूर खाऊन गेला, तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. आपल्याकडं सबंध वर्षात दहा गोळ्या उडवणारा माणूस मला माहीत नाही. २,००० चा आकडा त्या कागदावर आला कुठून? तो अमेरिकेतल्या माणसाचा आहे, जो दर आठवड्याला रेंजवर जातो, नेमबाजीची महाग गोळी वापरतो आणि टोप्यांचा डबा दुकानातून उचलून आणतो. तिथंही घाऊकात मिळणारी स्वस्त गोळी वापरणाऱ्याचे फारसे पैसे वाचत नाहीत, आणि २०२० नंतर टोप्यांची टंचाई झाली तेव्हा भल्याभल्यांचे हिशोब कोलमडले. पुंगळीही जन्मभर टिकत नाही. दर वेळी पितळ ताणलं जातं, कडक होतं आणि शेवटी तडकतं. त्याच्या कागदावर पुंगळीचा खर्च शून्य होता, कायमचा.

कायद्याचं तर त्यानं नावच काढलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "ठासणीच्या बंदुकीत लोक दारू भरतातच की." ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून दारू ठासूनच भरायची असते. काडतूस तयार करणं ही वेगळी गोष्ट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मधली दारूगोळ्याची व्याख्या वाचा. तिच्यात तयार काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग येतात आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. कलम ५ प्रमाणे असं उत्पादन करायला स्वतंत्र लायसन्स लागतं. ते नसेल तर कलम २५ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. आपलं लायसन्स हत्यार बाळगण्याचं आहे, कारखाना काढण्याचं नाही.

नेमबाज पोरांच्या आईवडिलांनी एक गोष्ट नीट ऐकावी. त्याच्या यादीत नेमबाजीच्या .२२ रायफलची गोळीही होती. तिला बुडाला वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठाच्या आत भरलेला असतो आणि घोड्याची पिन त्या काठावर आपटते. एकदा उडाली की काठ चेपला, मसाला जळला, ती पुंगळी भंगारात. ती घरी पुन्हा भरून देतो म्हणणारा माणूस सरळ खोटं बोलतोय. एका मुलीच्या वडिलांनी त्याला या .२२ साठीच पैसे दिले. त्यांनी पोरीच्या स्पर्धेच्या खर्चातून ते काढले होते, याचा मला माझ्या ४० हजारांपेक्षा जास्त राग आहे.

पैसे पोचल्यावर त्यानं आणखी १८ हजार मागितले, "परवानगीची फाइल मुंबईला पाठवायचीय" म्हणून. ते मी दिले नाहीत. तरी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. आत कारखान्यात बुश दाबायला वापरतात तसला साधा हातदाबाचा प्रेस, त्याला नवा निळा रंग. साचे कोणत्या बोअरचे (नळीच्या मापाचे), त्यावर काही कोरलेलं नाही. प्लॅस्टिकच्या बरणीत करडी दारू, बरणीला चिठ्ठी नाही. आणि पिशवीभर पुंगळ्या, चिंचेनं घासल्यासारख्या लख्ख. त्यातली एक मी खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिली. बुडापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर सभोवार एक उजळ रेघ होती. पितळ तिथं आतून पातळ झाल्याची ती खूण. अशी पुंगळी पुन्हा उडवली तर तिथंच दोन तुकडे होऊ शकतात आणि तापलेला वायू बोल्टकडून (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) मागं येतो. आपला गाल तिथं टेकलेला असतो. बरणीतली दारूही कशाची होती देव जाणे. बारा बोअरची (छऱ्याच्या बंदुकीची) दारू रायफलीच्या दारूपेक्षा भराभर जळते. ती रायफलीच्या दारूच्या मापानं पुंगळीत भरली तर रायफल फुटू शकते.

त्याला फोन केला तर शांतपणे म्हणाला, "साहेब, पार्सल तुमच्या घरात आहे. पोलिसात गेलात तर आधी तुम्हीच आत जाल." त्याचा सगळा धंदा या वाक्यावर चालतो. बँकेत गार्ड असलेले आमचे एक मित्र एवढ्यावर गप्प बसले, कारण लायसन्स गेलं की नोकरी गेली.

मी पेटीला पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या वकिलांना घेऊन ठाण्यात गेलो. लेखी अर्ज, पैसे पाठवल्याच्या पावत्या, तो कागद आणि त्याच्या फोनचं रेकॉर्डिंग दिलं. पंचनामा करून पेटी ताब्यात घेतली गेली, अर्जाची पोच मिळाली. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकतात. माझी तक्रार उशिरा गेली तेव्हा खातं रिकामं झालेलं होतं. ज्यांच्याकडं अशी पेटी आलीय त्यांनी ती कोणाला देऊ नये, विकू नये, पुरू नये, त्यातलं काही भरून उडवून पाहू नये. वकिलाला सोबत घेऊन स्वतःहून जमा करा. घरात झडतीत सापडणं आणि आपण नेऊन देणं यात फार फरक पडतो.

आणखी एक. पैसे घेण्याआधी तो "फाइलसाठी" म्हणून लायसन्सच्या सगळ्या पानांचे फोटो घेतो. त्यात आपला पत्ता, हत्याराचा नंबर, काडतुसांची मर्यादा, सगळं असतं. ज्यांनी हे फोटो दिलेत त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत तसं लेखी कळवून पोच घ्यावी. मी तसं कळवलंय. माझ्या अर्जाचा मजकूर हवा असेल त्यांनी मागावा, पाठवतो.