मुरगावचा जर्मन खलाशी आणि माझे ७२ हजार

गेल्या दिवाळीनंतर मी एक जुना लायका कॅमेरा ७२ हजार रुपयांना घेतला. तो लायका नव्हता. विकणारा माणूस अजून गोव्यात फिरतो आहे आणि त्याच्याकडे असा एकच कॅमेरा नव्हता, हे आता मला नक्की कळलं आहे. म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

ऐंशीच्या दशकात आमच्या फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या उत्सवांत मी नाटकांचे फोटो काढायचो. कुवेतला असलेल्या मामांनी याशिका इलेक्ट्रो ३५ आणून दिला होता. तो रेंजफाइंडर, म्हणजे बाजूच्या छोट्या खिडकीतून बघून दोन प्रतिमा एकमेकींवर आणत फोकस करायचा कॅमेरा. आत आरसा नसल्यामुळे शटर दाबल्यावर खटका जेमतेम ऐकू येतो. पहिल्या रांगेत बसून फोटो काढला तरी रंगमंचावरच्या नटाचं लक्ष विचलित होत नाही, आणि फोटो निघतो त्या क्षणीही त्याचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोरून जात नाही. उटीच्या कारखान्याचा ‘इंदू’ रोल घालायचा आणि छत्तीस फोटो तीन अंकांत पुरवायचे. पुढे नोकरी, मुलांची शिक्षणं, मग मोबाइल. निवृत्तीनंतर कपाट उघडलं तर याशिकाचं इलेक्ट्रॉनिक्स मेलेलं होतं आणि लेन्सला आतून बुरशी धरली होती. आपल्या पावसाळ्यात दुसरं काय होणार!

या वेळी बॅटरी न लागणारा, पूर्ण यांत्रिक रेंजफाइंडर घ्यायचं ठरवलं. लायका टू हे मॉडेल १९३२ चं. दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करायची सोय कॅमेऱ्यातच असलेला तो पहिला लायका. त्याच्याबद्दल वाचून वाचून मी वेडा झालो होतो.

बार्देशातल्या एका आठवडी बाजारात जुन्या पितळी वस्तूंच्या टेबलावर तो दिसला. काळा, कडांना पितळ उघडं पडलेलं, वर लायकाची वळणदार अक्षरं आणि बाजूला जर्मन आरमाराचं गरुडचिन्ह. विक्रेता पन्नाशीचा, मृदू बोलणारा. म्हणाला, एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरातली पेटी फुटली, तिच्यातून आला. एरेनफेल्स या जर्मन जहाजावरच्या खलाशाने भाटकाराच्या वडिलांकडे तो गहाण ठेवला होता.

इथेच मी फसलो, कारण एरेनफेल्सची गोष्ट खरी आहे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन जहाजांनी तटस्थ पोर्तुगालच्या मुरगाव बंदरात आसरा घेतला. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या राखीव घोडदळाच्या लोकांनी बार्जमधून येऊन एरेनफेल्सवर हल्ला केला आणि जहाजं जळून बुडाली. लहानपणी वास्कोच्या आत्याकडे हे कितीदा ऐकलं होतं. कॅमेरा हातात घेतला तेव्हा मला ती जळणारी जहाजंच दिसायला लागली. “तुमी जाणकार, तुमकां कितें सांगप?” असं तो दोनदा म्हणाला आणि मी पुढे काही विचारलंच नाही. ९५ हजारांवरून ७२ वर आला. २० हजार फोनवरून घेतले, बाकी रोख. ज्या खात्यात पैसे गेले त्यावर नाव भलत्याच कुणाचं होतं. “भाच्याचं खातं,” म्हणाला. पावतीवर त्याने लिहिलं, ‘जुना कॅमेरा, आहे तसा दिला.’ लायका हा शब्द त्या कागदावर कुठेच नाही.

पहिला रोल मी आमच्या गावच्या एका वृद्ध नटासाठी ठेवला. वय ८६. एके काळी उत्सवातल्या संगीत नाटकांत ते स्त्रीभूमिका करायचे. मी येणार म्हणून त्यांनी जुना शेला काढून खांद्यावर घेतला आणि सोप्यावर बसून एका पदाच्या दोन ओळी म्हटल्या. मी अकरा फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा अकराही फोटोंत मागच्या भिंतीचा गिलावा स्वच्छ होता आणि चेहरा धूसर. वर सगळीकडे पांढरे ठिपके. पुन्हा जाईपर्यंत ते अंथरुणाला खिळले होते, बसायलाही येत नव्हतं. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

कॅमेरा घेऊन मुंबईला फोर्टमधल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी न बोलता लेन्स फिरवून काढली, आत टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. खऱ्या लायकात लेन्सला टेकणाऱ्या रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला गोल चाक असतं. इथे टोकदार पाचर होती. “झॉर्की,” ते म्हणाले. हा रशियन कॅमेरा, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा, १९४८ पासूनचा. त्याआधी १९३४ पासून खारकोव्हला फेड नावाचा कॅमेरा बनत होता. दोन्ही लायका टूच्या नकला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कुणीकुणी त्यांची मूळ अक्षरं घासून वर लायकाचं नाव आणि लष्करी चिन्हं कोरली आणि ते पर्यटकांना विकले. त्यांनी कॅमेरा खिडकीच्या उजेडात तिरका धरला, तेव्हा लायकाच्या नावाखाली रशियन अक्षरांची पुसट सावली मलाही दिसली. शटरच्या पडद्याच्या रबरी कापडाला बारीक भोकं होती, ठिपके त्यांचे. कुणीतरी उघडून जोडताना रेंजफाइंडर जुळवलाच नव्हता, म्हणून फोकस मागे जात होता.

लेन्स तर मला बाजारातच ओळखता आली असती. लायकाच्या युद्धापूर्वीच्या एल्मार लेन्सवर अ‍ॅपर्चरचे, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचे आकडे ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे असतात. माझ्या लेन्सवर ३.५, ४, ५.६, ८, ११, १६ होते आणि काचेवर निळसर लेपाची झाक होती. ती झॉर्कीबरोबर येणारी इंडुस्टार २२. आणि ते गरुडचिन्ह! एरेनफेल्स मालवाहू जहाज होतं, व्यापारी कंपनीचं. त्याच्या खलाशाकडे आरमाराचा शिक्का मारलेला कॅमेरा कुठून येईल? एवढा साधा प्रश्न मला घरी आल्यावर सुचला.

त्या मेकॅनिकने सांगितलं की झॉर्की वाईट कॅमेरा नाही, नीट केलेला असेल तर छान फोटो देतो, पण त्याची किंमत काही हजारांत. म्हणून कुणी लायका म्हणून काही दाखवलं, तर आधी लेन्स काढायला लावा. तो “नाजूक आहे, उघडू नका” म्हणाला तर तिथून उठा. नंबर लिहून घ्या आणि घरी जाऊन तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या मॉडेलचा ते पडताळा. माझ्या कॅमेऱ्यावरचा नंबर वेगळ्याच मॉडेलचा निघाला. पावतीवर कंपनी, मॉडेल, नंबर आणि विकणाऱ्याचं नाव लिहून घेतल्याशिवाय रोख देऊ नका. पोलीस चौकीत माझी पावती वाचून हवालदारांनी ती परत माझ्यासमोर ठेवली. तक्रार नोंदवली, पण विक्रेत्याचा फोन तेव्हाच बंद होता.

गेल्या महिन्यात मडगावच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना लायका मिळत होता, तेच गरुडचिन्ह, तीच पेटी. फक्त खलाशाच्या जागी आता १९६१ मध्ये घाईने गोवा सोडून गेलेला पोर्तुगीज अधिकारी होता. मी म्हटलं, लेन्स काढून आतला फोटो पाठवा. तासाभराने फोटो आला, पाचरच होती. ७० हजार वाचले. आगाऊ दिलेले ५ हजार त्यांना अजून परत मिळालेले नाहीत.